मान हलली, म्हणून होकार नव्हे

यिवूच्या बाजारात पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली ती एका करंगळीपायी.

यिवू हे चीनच्या झेजियांग प्रांतातले शहर, शांघायच्या नैऋत्येला. किरकोळ चीजवस्तूंची एवढी मोठी ठोक बाजारपेठ जगात दुसरी नाही असे म्हणतात. एकाच संकुलात सुमारे ७५ हजार गाळे आहेत. बटणे, पिना, खेळणी, तसबीह, जानमाज, ख्रिसमसची झाडे, सगळे तिथे मिळते. आम्ही पिढीजात मण्यार. आजोबा खांद्यावर बांगड्यांचे ओझे घेऊन गावोगाव फिरत. वडिलांनी तालुक्याच्या गावी दुकान टाकले. आणि आम्ही उभयता इमिटेशन दागिन्यांच्या नादाने थेट यिवूला जाऊन पोहोचलो. पुढची दोन-अडीच वर्षे जाऊन-येऊन बराच मुक्काम तिथेच झाला.

तर त्या दिवशी एका गाळ्यावर नाजूक कड्यांचा एक नमुना आवडला. भाव विचारला. गाळेवाल्या बाईंनी मधली तीन बोटे मिटली, अंगठा आणि करंगळी ताठ केली आणि हात हलवून दाखवला. आपल्याकडे या खुणेचा अर्थ एकच, फोन करा. आम्हाला वाटले, भाव चारचौघांत सांगायचा नसेल. मोठ्या अदबीने आमचा मोबाईल नंबर कागदावर लिहून त्यांच्या हातात दिला. बाईंनी कागदाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि तोंडावर हात ठेवून त्या हसल्या. मग कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. त्यावर आकडा होता ६. सहा युआन डझन.

चीनमध्ये एक ते दहा एका हातावर मोजतात. पाचापर्यंत आपल्यासारखेच. सहाला अंगठा आणि करंगळी. साताला अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची टोके जुळवायची, आपण मीठ चिमटीत घेतो तशी. आठाला अंगठा आणि तर्जनी फाकवायची. आपली मुले पिस्तूल करतात तो हात. नवाला तर्जनी आकड्यासारखी वाकवायची. दहाला दोन्ही हातांच्या तर्जन्यांची फुली, कारण चिनी लिपीत दहाचे अक्षरच फुलीसारखे आहे. काही भागांत दहासाठी नुसती मूठ दाखवतात. चीनमधल्या बोली एकमेकींपासून इतक्या दूर आहेत की उत्तरेच्या माणसाला दक्षिणेचे बोलणे कळत नाही. बोटे मात्र बहुतेक ठिकाणी कळतात.

आमची दुभाषी निंगशिया हुई स्वायत्त प्रदेशातली, हुई मुसलमान. यिवूत अरबी दुभाषाचे काम करणारी कितीतरी मुले-मुली तिकडूनच आलेली आहेत. तिला इंग्रजीही चांगले येत होते. वयाने लहान, पण आम्ही तिला बाजीच म्हणत असू. करंगळीचा किस्सा ऐकून तिने तिच्या मुलखातल्या गुरांच्या बाजाराची गोष्ट सांगितली. तिकडे जनावरांचा सौदा करताना दलाल आणि गिऱ्हाईक तोंडाने भाव बोलतच नसत. लांब बाहीत किंवा डगल्याच्या पदराखाली हातात हात घालायचा आणि बोटे दाबून आकडा सांगायचा. भोवती गर्दी, पण भाव दोघांनाच ठाऊक. हुई दलाल यात फार तरबेज. आम्ही म्हणालो, 'बाजी, हे तर आमच्याकडेही आहे.' आपल्या बाजार समित्यांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायची हत्ता पद्धत पुष्कळांना आठवत असेल. कायद्याने मनाई होऊनही ती बरीच वर्षे टिकली.

इथवर सगळे गमतीचे होते. खरी किंमत आम्ही मोजली ती २०१८ साली.

त्या वर्षी रमजान मे महिन्याच्या मध्यावर लागणार होता आणि ईद जूनच्या मध्यावर. बांगड्यांच्या दुकानाचे वर्षाचे गणित या एका महिन्यावर बसते, हे सांगायला नको. जानेवारीच्या अखेरीस आम्ही यिवूजवळच्या एका कारखानदाराकडे मोठी ऑर्डर घेऊन गेलो. माल मार्चअखेर निंगबो बंदरावर, एप्रिलच्या शेवटी न्हावाशेव्याला, रमजानच्या आधी दुकानात, असा हिशेब होता. मालकांच्या खोलीत त्यांचा मुलगा होता, कारखान्याचा मुकादम होता, आणखी दोन-तीन माणसे होती. आम्ही एकच प्रश्न विचारला, 'मार्चअखेर सगळा माल मिळेल ना?'

मालकांनी मान डोलावली. हसले. टेबलावरचे सिगारेटचे पाकीट उलटसुलट केले. दातांच्या फटीतून हलकीशी हवा आत ओढली. आमचे पेले अर्धे भरलेले असताना त्यांत पुन्हा चहा ओतला. मग काहीतरी बोलले. बाजीने भाषांतर केले, 'अडचण यायला नको.' आम्ही पुन्हा विचारले, 'नक्की ना?' त्यांनी मुलाकडे एकदा पाहिले, पुन्हा मान डोलावली आणि म्हणाले, 'प्रयत्न करू.' आम्ही उठलो, हात मिळवला, तीस टक्के बयाणा दिला आणि अलहम्दुलिल्लाह म्हणत खोलीवर आलो.

माल मेच्या शेवटच्या आठवड्यात तयार झाला. जहाज न्हावाशेव्याला लागले तेव्हा ईद होऊन गेली होती. मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्या खोक्यांत अडकून पडली. निकाह पुढे ढकलावा लागला. व्याही समजूतदार म्हणून निभावले.

पुढच्या खेपेला यिवूत उतरल्याबरोबर आम्ही बाजीपुढे तोंड सोडले. 'तो माणूस खोटारडा निघाला.' ती शांतपणे म्हणाली, 'खोटं कुठे बोलले ते? त्यांनी तीनदा नाही म्हटलं.'

'मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?'

'भाईजान, मी शब्दांचं भाषांतर करते. हातांचं करायला लागले तर त्यांच्या माणसांसमोर त्यांची इज्जत जाते. आणि मला वाटलं, तुम्हाला दिसलंच असेल.'

आम्हाला दिसले नव्हते. त्या वर्षी चिनी नववर्ष १६ फेब्रुवारीला होते. त्या सणाला कारखाने आठवडे-आठवडे बंद असतात. दूरदूरच्या प्रांतांतले कामगार घरी जातात आणि त्यांतले काही परततच नाहीत, दुसरीकडे कामाला लागतात. मार्चच्या मध्याआधी यंत्रे पुरती चालू होणार नाहीत, हे त्या खोलीत आम्ही दोघे सोडून सगळ्यांना ठाऊक होते. पण मुलाच्या आणि मुकादमाच्या देखत, लांबून आलेल्या पाहुण्याला 'जमणार नाही' म्हणायचे म्हणजे दोन्ही बाजूंची शोभा. म्हणून ते काम त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर, दातांवर आणि चहावर सोपवले.

याच्या मुळाशी एक शब्द आहे, मियेन-झ. अर्थ चेहरा. चिनी माणसाचा चेहरा 'दिला' जातो, 'राखला' जातो, 'घालवला' जातो. हू शियेन-चिन या चिनी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९४४ साली या विषयावर एक निबंध लिहिला, तो आजही अभ्यासतात. त्यांनी दाखवले की चिनी भाषेत चेहऱ्याला दोन शब्द आहेत. मियेन-झ म्हणजे समाजात कमावलेला मानमरातब. लियेन म्हणजे चारित्र्यावरचा विश्वास, जो गेला की माणूस समाजात वावरू शकत नाही. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. आपणही नाक कापले गेले म्हणतो, तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणतो. फरक एवढाच की आपल्याकडे स्वतःची अब्रू सांभाळायची असते. तिथे समोरच्याचीही सांभाळणे हे तुमच्याच अंगावरचे काम असते. तुम्ही त्याला तोंडावर 'नाही' म्हणायला भाग पाडले, तर चूक तुमची.

मग बाजीने आमची शिकवणीच घेतली. चिनी माणूस तुम्ही बोलत असताना मान हलवतो, तेव्हा तो 'ऐकतो आहे' एवढेच सांगत असतो, 'मान्य आहे' असे नव्हे. खरा होकार असेल तर पाठोपाठ तारीख येते, आकडा येते, कोणीतरी वही काढते. काहीच आले नाही आणि चहा मात्र आला, तर समजून घ्या. 'विचार करू', 'अभ्यास करू' हेही त्याच जातीचे. चिनी भाषेत 'अभ्यास करू' हा शब्द 'सिगारेट-दारू' या शब्दाच्या उच्चाराजवळ जातो, म्हणून सरकारी कचेरीत साहेब अभ्यास करू म्हणाला की काय न्यायचे ते समजावे, असा तिथल्याच लोकांचा जुना विनोद आहे.

शांततेचेही तसेच. आपण दोन क्षण कोणी गप्प बसले की अस्वस्थ होतो, लगेच भाव पाच टक्क्यांनी वाढवून देतो. तिथे गप्प बसणे म्हणजे विचार चालू असणे. मध्ये बोलून आम्ही किती वेळा स्वतःचेच नुकसान केले असेल, कोण जाणे.

सर्वात अवघड प्रकरण हसण्याचे. चिनी माणूस आनंदाने हसतो, तसा ओशाळूनही हसतो. एकदा आमच्यासमोर एका पोऱ्याच्या हातून नमुन्यांचा ट्रे पडला, खडे जमिनीभर झाले, आणि तो हसायला लागला. आम्हाला राग आला. खरे तर पोरगा शरमेने मेला होता. वाईट बातमी सांगतानाही ओठांवर हसू ठेवतात, कारण आपल्या दुःखाचे ओझे ऐकणाऱ्यावर टाकायचे नसते. चीनला डॉक्टरी शिकायला गेलेली आपली मुले पहिल्या वर्षी याच गोष्टीने दुखावतात. मास्तर किंवा ऑफिसमधली बाई हसून 'नाही' म्हणाली, म्हणजे आपली टर उडवली असे त्यांना वाटते.

एका चिनी हसण्याने तर दिल्लीत बरीच वर्षे चर्चा रंगली. १९६२ च्या युद्धानंतर दोन्ही देशांनी एकमेकांकडे राजदूत ठेवले नव्हते. १ मे १९७० रोजी बीजिंगच्या तिआनआनमेन चौकातल्या समारंभात माओ त्से तुंग परदेशी प्रतिनिधींच्या रांगेतून जाताना भारताचे तिथले प्रतिनिधी ब्रजेश मिश्र यांच्यापाशी थांबले, हात मिळवला, हसले, आणि किती दिवस असे भांडत राहायचे अशा अर्थाचे दोन शब्द बोलले. मिश्रांनी लगेच दिल्लीला कळवले. हा इशारा आहे की नुसता शिष्टाचार, यावर दिल्लीत मते पडली. राजदूतांची देवाणघेवाण पुन्हा सुरू व्हायला १९७६ उजाडले. तो होकार होता की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. आम्हाला एका कारखानदाराचे हसू कळले नव्हते.

चीनच्या दरबारात तर शरीर कसे वाकवायचे हा राज्यकारभाराचाच विषय होता. बादशहासमोर तीनदा गुडघे टेकायचे आणि दर वेळी तीनदा, म्हणजे एकूण नऊ वेळा, कपाळ जमिनीला लावायचे. १७९३ साली इंग्रजांचा वकील लॉर्ड मॅकार्टनी छियेनलुंग बादशहाकडे गेला, तेव्हा त्याने याला नकार दिला आणि तो फक्त एका गुडघ्यावर बसला. १८१६ च्या ॲमहर्स्टला तर याच वादापायी भेट न होताच परत फिरावे लागले. हे किस्से शाळेच्या पुस्तकांतून बाहेर आलेले आहेत. पण त्याच्या हजारेक वर्षे आधी असाच प्रसंग घडला होता, तो आपल्या घरांत फारसा माहीत नाही.

तांग घराण्याच्या इतिहासात नोंद आहे की श्वेनझोंग बादशहाच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला, म्हणजे इ. स. ७१३ च्या सुमारास, अरबांचा वकील घोडे आणि नजराणा घेऊन दरबारी आला आणि ताठ उभा राहिला. वाकेना. दरबारचे अधिकारी त्याच्यावर कारवाई करायला निघाले. तेव्हा झांग युए नावाच्या मंत्र्याने मध्ये पडून सांगितले की याच्या देशाची रीत वेगळी आहे, तो इतक्या लांबून सद्भावनेने आला आहे, याला गुन्हेगार ठरवू नये. बादशहाने ते मानले. याच घराण्याच्या इतिहासात पुढचीही नोंद आहे: नंतर आलेल्या एका अरब वकिलाने आपल्या मुलखात फक्त खुदापुढे झुकतात, राजापुढेही नाही, असे सांगितले; त्याला अधिकाऱ्यांनी खडसावले आणि तो वाकला. दोन्ही नोंदी चिन्यांनीच जपून ठेवल्या आहेत.

आमच्यापुढचा पेच इतका मोठा कधीच नव्हता. आमचा पेच जेवणाच्या टेबलावरचा.

चिनी मेजवानीला टेबल गोल असते, पण जागा सारख्या नसतात. दाराकडे तोंड करून असलेली जागा मानाची. आपण होऊन तिथे जाऊन बसायचे नाही. यजमान हाताने दाखवील तिथे बसायचे, तेही जरा आढेवेढे घेऊन. मग सुरू होतो 'गानबेई'चा गजर, म्हणजे पेला रिकामा करा. आता आपण काय करायचे? आम्ही पहिल्यांदा हात आडवा धरून पेल्यावर ठेवला आणि मान जोरात हलवली. टेबल थंड पडले. बाजीने हळूच आमच्या पेल्यात चहा ओतला आणि म्हणाली, 'उभे राहा. दोन्ही हातांनी पेला धरा. त्यांच्या पेल्याच्या काठाखाली तुमचा काठ लागू द्या.' तसे केले, आणि मालक खूश. पेला खाली धरणे म्हणजे तुम्ही मोठे, मी लहान. आत काय आहे याला त्यापुढे फारसे महत्त्व नसते.

दारूऐवजी चहा ही तिथली मानलेली रीतच आहे, आणि तिला इतिहास आहे. तिसऱ्या शतकात वू राज्याचा राजा सुन हाओ दिवसदिवसभर मेजवान्या झोडायचा आणि प्रत्येकाला ठरावीक मापे प्यावीच लागत. वेई झाओ नावाच्या विद्वानाला ते झेपत नसे, म्हणून राजा त्याला गुपचूप दारूऐवजी चहा देई. पुढे मर्जी फिरल्यावर याच राजाने त्याला ठार मारले, पण चहाची रीत मात्र राहिली. त्यामुळे आपल्या मुलांना आमचे सांगणे, तिथे लाजू नका, खोटा आजारही सांगू नका. 'आम्ही मुस्लिम, पीत नाही' एवढे सांगून चहा उचला, पण उचला. पेला टेबलावर पडू देणे हा अपमान आहे. जेवणाचे म्हणाल तर हुई लोकांची छिंगचन, म्हणजे हलाल, उपाहारगृहे बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. आम्ही चिनी व्यापाऱ्यांनाच तिथे बोलवायला लागलो; यजमान आपण असलो की निम्मे प्रश्न सुटतात.

ताट स्वच्छ करण्यावरूनही गंमत झाली. आपल्याला लहानपणापासून ताटात शीत टाकायचे नाही अशी ताकीद. तिथे जुन्या रिवाजाने रिकामे ताट म्हणजे पाहुणा अजून भुकेला. आम्ही ताट पुसून घेत होतो आणि यजमानीणबाई वाढत होत्या. शेवटी पोटात जागा उरेना तेव्हा बाजीच्या लक्षात आले. अर्थात हेही बदलते आहे. २०२१ साली चीनने अन्न वाया घालवण्याविरुद्ध कायदाच केला आणि आता 'ताट रिकामे करा' अशा पाट्या उपाहारगृहांत दिसतात. एक गोष्ट मात्र बदललेली नाही. भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत. मयतासाठी ठेवलेल्या भातात उदबत्त्या उभ्या करतात, तसे ते दिसते.

वस्तूही तिथे बोलतात. आम्ही घरमालकांसाठी भिंतीवरचे सुंदर घड्याळ भेट म्हणून घेतले होते. बाजीने खोके पाहिले आणि तिचा चेहराच उतरला. 'घड्याळ देणे' आणि 'शेवटच्या घडीला सोबत करणे' यांचा उच्चार चिनीत एकच होतो. ते घड्याळ शेवटी आमच्याच खोलीत लागले. दुसरी गोष्ट हिरव्या टोपीची. आपल्याकडे खपतील म्हणून आम्ही एका गाळ्यावर हिरव्या टोप्यांचा नमुना मागितला. गाळेवाला पांढरी टोपी डोक्यावर घालून दाखवी, काळी दाखवी, हिरवी मात्र हातातच धरून राहिला आणि शेजारचे गाळेवाले खिदळायला लागले. चीनमध्ये पुरुषाने हिरवी टोपी घातली म्हणजे त्याची बायको त्याच्याशी एकनिष्ठ नाही, असा वाक्प्रचार आहे. आपल्याला इतका प्रिय रंग, पण डोक्यावर गेला की तिथे हसू होते. हुई मंडळींच्या टोप्या पांढऱ्या असतात, हे आम्ही तोवर पाहूनही पाहिले नव्हते.

बाकीच्या गोष्टी सरावाने अंगवळणी पडतात. कार्ड असो, पैसे असोत, चहा असो, दोन्ही हातांनी द्यायचे आणि घ्यायचे. 'मी?' असे विचारताना ते छातीवर नव्हे, नाकावर बोट ठेवतात. 'स्वतः' या अर्थाचे त्यांचे अक्षर मुळात नाकाचेच चित्र होते. मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत नाहीत; हे आपल्या अदबीच्या इतके जवळचे आहे की आमची मुले तिथे लगेच शहाणी ठरली. मैत्रिणी हातात हात घालून रस्त्याने चालतात, पण नवरा-बायको चारचौघांत अंतर ठेवून. मिठी मारून भेटण्याची रीत जुन्या पिढीत नाही. बाजी परपुरुषाशी हात मिळवत नसे. ती खोलीत शिरतानाच फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरायची आणि समोरच्याचा हात पुढे येण्याआधी हसून मान झुकवायची. आम्ही इतक्या बैठका पाहिल्या, एकदाही कोणाला वावगे वाटलेले दिसले नाही.

आणि चहाची बोटे. कोणी पेल्यात चहा ओतला की दक्षिणेकडे तर्जनी आणि मधले बोट जरा वाकवून टेबलावर दोन-तीनदा हलकेच वाजवतात. हा शुक्रिया. दंतकथा अशी की छियेनलुंग बादशहा वेष पालटून दक्षिणेत फिरत होता आणि त्याने स्वतः आपल्या नोकरांना चहा ओतला. खाली लोटांगण घालावे तर बादशहा ओळखू येईल. म्हणून एका नोकराने दोन बोटे वाकवून टेबलावर टेकवली. ते त्याचे गुडघे. खरेखोटे माहीत नाही, पण संभाषण न तोडता आभार मानायची सोय नामी आहे.

एक सांगून ठेवतो. 'चिनी माणूस असा असतो' असे सांगणाऱ्या पुस्तकांवर आमचा फार विश्वास नाही. एक अब्ज चाळीस कोटींचा देश. उत्तरेकडची माणसे मोठ्याने बोलतात आणि पटकन मोकळी होतात. उइगूर माणूस छातीवर हात ठेवून सलाम करतो. शांघायची पोरे आपल्या पुण्या-मुंबईच्या पोरांसारखीच फोनमध्ये डोके घालून असतात. आम्ही लिहिले ते यिवू आणि आजूबाजूचा व्यापारी मुलूख पाहून.

त्याच कारखानदाराकडे आम्ही पुन्हा गेलो. बाजीला नवल वाटले, पण माल त्यांचा चांगला होता, आणि उशीर झाला त्यात त्यांच्याइतकेच आम्हीही होतो. २०१९ चा रमजान मेच्या पहिल्या आठवड्यात येणार होता. आम्ही ऑक्टोबरातच गेलो. आदल्या दिवशी बाजी एकटीच जाऊन त्यांच्या मुलाला भेटून आली. बैठकीला या वेळी खोलीत मुकादम नव्हता. आम्ही खजुराचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला. त्यांनी दोनदा नको म्हटले, तिसऱ्यांदा घेतला आणि न उघडता फळीवर ठेवला. ऑर्डरचा कागद समोर ठेवून आम्ही 'मिळेल का' असे विचारलेच नाही. 'तुमच्या सोयीने केव्हा आणि किती?' एवढेच विचारले.

मालक गप्प बसले. आम्हीही गप्प बसलो. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. दातांतून हवा आत ओढली, तेव्हा आम्ही बाजीला म्हणालो, 'सांग, सगळा नको, निम्मा चालेल.' त्यांनी खांदे सैल सोडले. वही ओढली. तीन बोटे दाखवली, मग दोन तर्जन्यांची फुली केली. तिसरा महिना, दहा तारीख. मुलाला बोलावून तारीख लिहून घ्यायला लावली आणि चहा ओतला. आमची दोन बोटे आपोआप टेबलावर वाजली. त्यांनी बोटांकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि हसले, या वेळी तोंड भरून.

निघताना ते जिना उतरून रस्त्यापर्यंत आले आणि टॅक्सी वळेपर्यंत उभे राहिले. माल ८ मार्चला निंगबोला पोहोचला. निम्माच.